सॉक सेव्हन आला की आधी बाइट वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विमा हप्त्यांची बेरीज करणारा मेनफ्रेमवरचा जुना कोबॉल प्रोग्राम महिनाभर नीट चालला आणि महिनाअखेरच्या रात्री एस०सी७ (बोलीत सॉक सेव्हन) हा चुकीचा कोड देऊन पडला. डंप, म्हणजे पडतानाच्या मेमरीची छापील प्रत, हजारो ओळींचा आहे. कंपायलरच्या लिस्टिंगवरून एवढंच कळलं, की समायोजन रक्कम एकूण रकमेत मिळवणाऱ्या ॲड वाक्यावर तो थांबला. त्या फील्डमध्ये डंपला ‘४० ०० १२ ५०’ असं दिसतंय. टीममधले ज्येष्ठ म्हणतात, ‘इफ न्यूमेरिक ही आकडा आहे का बघणारी तपासणी टाका, नसेल तर शून्य घाला आणि जॉब पुढे न्या.’ हे बरोबर आहे का, आणि डंप नेमका वाचायचा कसा?

आधी दुसऱ्या भागाचं उत्तर देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

आपण ज्याला सॉक सेव्हन म्हणतो, ते हार्डवेअरने दिलेलं एक साधं विधान आहे: ‘मला दशमान गणित करायला सांगितलं, पण समोर आलेले बाइट दशमान आकडा नाहीत.’ १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली, तेव्हापासून आकडे साठवण्याचा हा पॅक्ड डेसिमल प्रकार आहे आणि कोबॉलमधला कॉम्प-३ म्हणजे तोच. एका बाइटमध्ये दोन अंक बसतात. फक्त शेवटच्या बाइटच्या उजव्या अर्ध्या भागात अंकाऐवजी चिन्ह असतं: सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे, एफ म्हणजे बिनचिन्हाचा. ए, बी, ई ही चिन्हंही हार्डवेअर मान्य करतं. त्यात बी उणे, बाकीची अधिक. म्हणजे नियम दोनच. अंकाच्या जागी ० ते ९, चिन्हाच्या जागी ए ते एफ. यातला एक जरी मोडला आणि त्या बाइटवर मिळवणी, वजाबाकी, गुणाकार, भागाकार किंवा तुलना करायची वेळ आली, तर प्रोग्राम पडतो.

‘करायची वेळ आली’ हे शब्द लक्षात ठेवा. एका जागेतून दुसऱ्या जागी हलवणारी एमव्हीसी सूचना काहीही तपासत नाही. अक्षरी अंकांचं पॅक्ड रूप करणारी पॅक सूचनाही तपासत नाही. बिघडलेले बाइट तीन फाइली, दोन सॉर्ट आणि चार प्रोग्राम ओलांडून बिनबोभाट येतात आणि जिथे पहिल्यांदा गणित होतं, तिथे प्रोग्राम पडतो. म्हणून सॉक सेव्हनच्या बाबतीत पडलेली ओळ बहुतेक वेळा निर्दोष असते. मी नव्या माणसाला पहिली गोष्ट सांगतो ती ही, की ओळ सापडली म्हणजे काम सुरू झालं, संपलं नाही. बाइट तिथे कोणी ठेवले, हा खरा प्रश्न आहे. आणि बाइटांच्या तोंडवळ्यावरूनच बहुतेक वेळा त्याचं उत्तर मिळतं.

आता डंप. हजारो ओळी बघून घाबरू नका. आपल्याला लागतात त्या पंधरा-वीस. सिस्टिमच्या लॉगमध्ये कम्प्लिशन कोडच्या खाली पीएसडब्ल्यू (प्रोसेसर कुठे होता ते), आयएलसी (सूचनेची लांबी) आणि आयएनटीसी (थांबण्याच्या कारणाचा कोड) असं छापलेलं असतं. आयएनटीसी ०७ म्हणजे डेटा एक्सेप्शन. पीएसडब्ल्यूचा दुसरा शब्द समजा ८००१२४३६ आहे. सुरुवातीचा ८ पत्त्याचा भाग नाही. तो ३१ बिटांची पत्तापद्धत चालू असल्याची खूण आहे. तो काढला की उरतो ०००१२४३६. हा पत्ता पडलेल्या सूचनेचा नाही, तिच्या पुढच्या सूचनेचा आहे. आयएलसी ६ असेल तर सहा वजा करा, येतं ०००१२४३०. प्रोग्राम ०००१२००० ला लोड झाला असेल तर ऑफसेट ४३०. सगळं गणित हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, करायचं हे सांगायला नको, पण रात्री दोन वाजता कॅल्क्युलेटर दशमानात राहून गेल्यामुळे माणसं भलत्याच सूचनेपाशी पोहोचलेली मी पाहिली आहेत.

लँग्वेज एन्व्हायर्नमेंट या आयबीएमच्या रनटाइमचा सीईईडंप असेल तर काम सोपं होतं. सीईई३२०७एस हा संदेश प्रोग्रामचं नाव आणि ऑफसेट थेट देतो. तिथल्या ट्रेसबॅकमध्ये सगळ्यात वरची ओळ आपल्या प्रोग्रामची नसते, ती चूक हाताळणाऱ्या सीईईएचडीएसपीची असते. स्टेटसच्या रकान्यात ‘एक्सेप्शन’ लिहिलेली ओळ शोधा, आपला प्रोग्राम तो. रजिस्टरही, म्हणजे प्रोसेसरमधल्या पत्ते ठेवायच्या जागा, चूक घडली त्या क्षणाचेच घ्या. ते मशीन स्टेट या मथळ्याखाली मिळतात. डंप लिहिताना असलेले रजिस्टर घेतलेत तर पुढचं सगळं चुकीच्या पत्त्यावर जाईल.

आता कंपायलरच्या लिस्ट पर्यायाने मिळालेल्या लिस्टिंगमध्ये ऑफसेट ४३० शोधा. समजा तिथे आणि डंपमध्येही ही सूचना आहे: एफए ५३ ८०५० ७०२४. ती अशी वाचायची. एफए म्हणजे एपी, पॅक्ड मिळवणी. एफबी असती तर वजाबाकी, एफसी गुणाकार, एफडी भागाकार, एफ९ तुलना, एफ८ म्हणजे झॅप, जागा शून्य करून आकडा ठेवणारी. ५३ मध्ये दोन लांब्या आहेत, पण दोन्ही एकने कमी लिहिलेल्या: पहिला आकडा सहा बाइटांचा, दुसरा चार बाइटांचा. ८०५० म्हणजे रजिस्टर ८ मधल्या पत्त्यात हेक्स ५० मिळवा. ७०२४ म्हणजे रजिस्टर ७ मध्ये हेक्स २४ मिळवा. लिस्टिंगमध्ये हेच ‘एपी ८०(६,८),३६(४,७)’ असं दशमानात छापलेलं दिसेल. दोन्ही एकच आहेत, गोंधळू नका.

एवढी खटपट कशासाठी, ओळ तर माहीतच होती ना? कारण एका कॉम्प्युट वाक्यात पाच-सहा फील्ड असतात आणि ओळीचा क्रमांक त्यातलं कुठलं बिघडलं ते सांगत नाही. सूचना सांगते. आणखी एक खाच आहे. फील्ड कॉम्प-३ नसून डिस्प्ले (एका बाइटमध्ये एकच अक्षरी अंक) असेल, तर कंपायलर आधी एफ२ म्हणजे पॅक सूचनेने ते एका तात्पुरत्या जागेत पॅक करतो आणि मग त्या जागेवर गणित करतो. अशा वेळी एपीचा पत्ता कोणत्याच फील्डशी जुळत नाही आणि माणूस वैतागतो. एक-दोन सूचना मागे जा. तिथल्या पॅकचा दुसरा पत्ता हे तुमचं खरं फील्ड. ऑप्टिमाइझ केलेल्या प्रोग्राममध्ये सूचना ओळींच्या क्रमाने लागत नाहीत. नव्या कंपायलरच्या कोडमध्ये तर एपीऐवजी डेसिमल फ्लोटिंग पॉइंटच्या किंवा झेड१४ या आयबीएम मशीनपासून आलेल्या व्हेक्टर पॅक्ड डेसिमलच्या सूचना भेटू शकतात. तिथे रूप बदलतं, शोधाची दिशा तीच राहते: सूचना, तिचा स्रोत, तिथले बाइट.

रजिस्टर ८ वरून पहिला आकडा काढा. समजा मिळालं ०० ०० ४८ २१ ३७ ५सी. अंक नीट, चिन्ह सी. म्हणजे आतापर्यंतची एकूण रक्कम ४८,२१३.७५, काही बिघाड नाही. आता दुसरा. रजिस्टर ७ मध्ये ००१०३४४० असेल तर पत्ता ००१०३४६४, आणि तिथे तुमचे ४० ०० १२ ५०. शेवटचा अर्धा बाइट ०. चिन्हाच्या जागी शून्य चालत नाही, म्हणून प्रोग्राम पडला.

बहुतेक जण इथे थांबतात. मला वाटतं खरी मजा इथून पुढे आहे.

चारच बाइट बघू नका. मागचे-पुढचे निदान चाळीस बघा. तुमच्या प्रश्नात पुढचा बाइट दिलेला नाही, पण तो ५सी असणार अशी माझी जवळजवळ खात्री आहे. तो जोडून बघा: ०० १२ ५० ५सी. चोख पॅक्ड आकडा, अधिक १२५.०५. रक्कम बिघडलेली नाही, ती एक बाइट उजवीकडे सरकली आहे. सुरुवातीला लागलेला ४० म्हणजे एबसिडिकमधली (मेनफ्रेमच्या अक्षरसंहितेतली) मोकळी जागा, बहुधा आधीच्या नावाच्या फील्डचं शेपूट. समजा तुमच्या लेआउटमध्ये रेकॉर्ड प्रकार २ बाइट, शाखा ४ बाइट, नाव ३० बाइट आणि मग रक्कम, म्हणजे रक्कम ३६ बाइट सोडून सुरू होते. हेक्स २४ हेच. पाठवणाऱ्या प्रोग्रामने नाव ३१ बाइट केलं असेल तर हे सगळं जुळतं. महिनाभर का नाही पडला, तेही जुळतं: समायोजनाचा रेकॉर्ड प्रकार महिनाअखेरीलाच येतो. कॉपीबुक, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात तो रेकॉर्डचा सामायिक आराखडा, बदललं, ते वापरणारे प्रोग्राम पुन्हा कंपाइल झाले आणि हा एक राहिला.

आता ज्येष्ठांच्या सल्ल्याकडे या. तिथे इफ न्यूमेरिक घालून ‘नसेल तर शून्य’ केलं असतं, तर जॉब हिरवा झाला असता आणि महिन्याची सगळी समायोजनं शून्य धरली गेली असती. शिवाय त्या रकमेनंतरचा एजंट कोड अक्षरी असेल तर तोही एक बाइट सरकलेलाच वाचला जाईल, आणि अक्षरी फील्डवर कोणतंही हार्डवेअर ओरडत नाही. चुकीच्या एजंटाच्या नावावर रक्कम पडेल. पडलेला जॉब रात्रीत दुरुस्त होतो. चुकीच्या रकमा लोकांच्या खात्यात गेल्यावर त्या परत आणायला महिने लागतात, आणि त्या लोकांना त्याचा त्रास होतो. सॉक सेव्हन हा प्रोग्रामचा अडथळा नाही, लोकांच्या पैशाचं रक्षण करणारी ती शेवटची कडी आहे. ती गप्प करण्याचा सल्ला मी कधीही देणार नाही.

बाइटांच्या तोंडवळ्याबद्दल म्हटलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण हेच ज्ञान लिस्टिंगमध्ये नसतं.

सगळे ४० दिसले तर कोणीतरी पूर्ण रेकॉर्डवर मूव्ह स्पेसेस केलं आहे, किंवा फाइलचा हेडर-ट्रेलर (सुरुवातीचा किंवा शेवटचा) रेकॉर्ड तुम्ही तपशिलाचा समजून वाचला आहे. सगळे ०० दिसले तर ती लो-व्हॅल्यूज: व्हॅल्यू न दिलेलं वर्किंग-स्टोरेज, इनिशियलाइझ न केलेला टेबलचा घटक, किंवा सीआयसीएस या ऑनलाइन प्रणालीच्या पडद्यावर वापरणाऱ्याने न भरलेलं फील्ड. एफ० एफ१ एफ२ असे बाइट कॉम्प-३ मध्ये दिसले तर पाठवणारा डिस्प्ले आकडे पाठवतोय आणि तुम्ही पॅक्ड समजताय. ३० ते ३९ आणि २० दिसले तर ती ॲस्की, म्हणजे मेनफ्रेमबाहेरची अक्षरसंहिता आहे, फाइल भाषांतर न होता आली. सी१, डी५, ई२ अशी अक्षरं म्हणजे लेआउट सरकला किंवा चुकीचा रिडिफाइन्स (त्याच जागेची दुसरी व्याख्या). आणि एखाद्या टेबलच्या घटकांची ओळखीची नक्षी टेबलच्या हद्दीबाहेरच्या फील्डवर पसरलेली दिसली, तर सबस्क्रिप्ट, म्हणजे घटकाचा क्रमांक, मर्यादेपलीकडे गेला. त्यासाठी टेस्टमध्ये एसएसरेंज हा कंपायलरचा पर्याय लावून चालवा, तो दोषी ओळीवरच थांबेल.

फाइलच्या शेवटी ॲट एंड लागल्यावर रेकॉर्डची जागा वाचणं हाही एक जुना रोग. तिथे काय असेल याची भाषा काहीच हमी देत नाही. प्रोग्राम शेवटच्या रेकॉर्डनंतर पडला असेल तर आधी हे बघा.

यापेक्षा गंभीर प्रकार म्हणजे जिथे सॉक सेव्हन येतच नाही. पॅक सूचना प्रत्येक बाइटचा फक्त उजवा अर्धा भाग घेते, आणि शेवटच्या बाइटचे दोन अर्धे उलटे करते. म्हणून डिस्प्ले फील्डमध्ये सुरुवातीच्या मोकळ्या जागा निमूट शून्य होतात. आणि सहा अंकी फील्डमध्ये रोमन लिपीतलं ‘रमेश’ हे सहा अक्षरी नाव आलं तर? एबसिडिकमध्ये ते डी९ सी१ डी४ सी५ ई२ सी८. पॅक झाल्यावर होतं अधिक ९,१४,५२८. माणसाच्या नावाची रक्कम झाली, हार्डवेअरच्या दृष्टीने निर्दोष.

दुसरं उदाहरण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. पॅक्ड रकमा असलेली फाइल मेनफ्रेमवरून कोणी एफटीपीने टेक्स्ट मोडमध्ये बाहेर नेली आणि परत आणताना बायनरीत आणली. आपलीच रक्कम घ्या: ०० १२ ५० ५सी. जाताना भाषांतर करणाऱ्याला ५० म्हणजे ‘अँड’चं चिन्ह आणि ५सी म्हणजे तारांकन वाटतं. त्यांचे ॲस्की अवतार २६ आणि २ए. परत आलं ०० १२ २६ २ए. अंक वैध, आणि ए हे वैध अधिक चिन्ह. १२५.०५ चे १२२.६२ झाले, आणि कोणीही पडलं नाही. त्याच फाइलमध्ये एखादी रक्कम पडते आणि बाकीच्या अशा गुपचूप बदलतात. म्हणून फाइलमध्ये एक वाईट रेकॉर्ड सापडला की ‘तेवढाच वगळू’ असं म्हणणं धोक्याचं आहे. पडलेला रेकॉर्ड हा पुरावा आहे, बाकीचे संशयित आहेत.

इथे इफ न्यूमेरिकबद्दल न्यायाने बोललं पाहिजे. ती तपासणी वाईट नाही, तिची जागा महत्त्वाची. नेहमीच्या मांडणीत, म्हणजे नमक्लस हा कंपायलरचा पर्याय प्रिम असताना, ती चिन्हासह जाहीर केलेल्या कॉम्प-३ साठी सी, डी, एफ एवढीच चिन्हं मानते. वरचा २ए हार्डवेअर सोडून देतं, ही तपासणी पकडते. म्हणून ती फाइल वाचताच, वेशीवर लावा. नापास झालेला रेकॉर्ड वेगळ्या फाइलमध्ये लिहा, मोजा, आणि एकही निघाला तर जॉबचा रिटर्न कोड चढवून माणसाला कळू द्या. शून्य भरून पुढे जाणं आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सगळी फाइल तपासायला प्रोग्राम लिहीत बसू नका. डीएफसॉर्ट या सॉर्टच्या साधनाच्या इन्क्लूड अटीत फील्डचं स्थान, लांबी, पीडी (पॅक्ड) आणि ‘एनई, एनयूएम’ (आकडा नसलेले) एवढं दिलं, की सगळे बिघडलेले पॅक्ड रेकॉर्ड एका फेरीत बाजूला निघतात. ते आयएसपीएफ या मेनफ्रेमच्या एडिटरमध्ये हेक्स ऑन करून बघा. दहा रेकॉर्ड एकाखाली एक ठेवले की सरकलेला बाइट डोळ्यांना लगेच दिसतो. एकाच रेकॉर्डच्या डंपमधून तो ओळखायला सवय लागते. प्रोग्राममध्ये डिस्प्ले हे छापणारं वाक्य टाकून पुन्हा चालवणं मला त्यामानाने कमी उपयोगी वाटतं, कारण ते आकड्याचं छापील रूप दाखवतं आणि आपल्याला हवे असलेले कच्चे बाइट झाकतं.

कंपायलर बदलाबद्दल एक परिच्छेद लिहितोच, कारण हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत अनेक टीम सध्या हेच स्थलांतर करत आहेत. एंटरप्राइझ कोबॉलची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली आणि तिने सूचना निवडण्याची पद्धतच बदलली. वीस वर्षं चाललेला प्रोग्राम पुन्हा कंपाइल केल्यावर पडतो किंवा त्याची तुलना वेगळं उत्तर देते, तेव्हा सगळे कंपायलरला दोष देतात. डेटा पहिल्यापासून बिघडलेलाच होता. जुनी सूचना त्यावरून घसरून पुढे जात होती. झोनडेटासारखे कंपायलरचे पर्याय जुन्या वागण्याच्या जवळ जायला मदत करतात आणि स्थलांतराच्या काळात ते वापरायला हरकत नाही. पण वापरलेत तर कोणत्या फाइलसाठी वापरले ते लिहून ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी तो पर्याय काढायची कोणाचीच हिंमत होणार नाही.

आणि एक विनंती. डंपमध्ये लोकांची नावं, पॉलिसी क्रमांक, खाते क्रमांक उघडे असतात. तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, कोणत्याही सार्वजनिक साधनात चिकटवू नका. मदत मागायची तर एवढंच द्या: सूचना, रजिस्टर आणि तेवढेच रकमेचे बाइट. ॲबेंड-एड किंवा फॉल्ट ॲनालायझर ही डंप वाचून देणारी साधनं असतील तर त्यांचा अहवालही याच काळजीने हाताळा. ही साधनं वापराच, ओळ आणि फील्ड ती मिनिटात देतात. पण बाइट कोणी ठेवले हे तीही सांगत नाहीत.

आता तुमचा जॉब. आधी त्या चार बाइटांच्या लगेच नंतरचा बाइट बघा, वरच्या उदाहरणात तो ००१०३४६८ वर असेल. तो ५सी असेल तर समायोजन रेकॉर्डचं कॉपीबुक शेवटचं कधी बदललं ते काढा, आणि ते वापरणाऱ्या प्रत्येक लोड मॉड्यूलची (कंपाइल होऊन चालायला तयार प्रोग्रामची) कंपाइल तारीख त्याच्याशी ताडून बघा. फक्त पडलेल्या प्रोग्रामची नाही, कारण त्या रेकॉर्डमधली अक्षरी फील्डच वाचणारा एखादा रिपोर्ट प्रोग्रामही मागे राहिला असेल, आणि तो कधीच पडणार नाही. मागे राहिलेले सगळे पुन्हा कंपाइल करून जॉब त्या पायरीपासून रीस्टार्ट करा. त्याआधी अर्धवट लिहिली गेलेली आउटपुट फाइल काढून टाका, आणि शेवटची बेरीज पाठवणाऱ्या प्रणालीच्या ट्रेलरमधल्या बेरजेशी पैशापर्यंत जुळवून बघा. पुढचा बाइट ५सी नसेल, तर त्या जागेच्या आधीचे आणि नंतरचे चाळीस बाइट, नावाचा भाग खोडून, इथे लिहा. मी बघतो.